'कसंतरी होतंय'च्या पुढचे शब्द

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या धाराशिव जिल्ह्यात, आणि मला वाटतं साऱ्या मराठवाड्यातच, एक वाक्य दिवसातून कितीदा तरी कानावर पडतं. 'जरा कसंतरी होतंय.' उपाशी माणूस हेच म्हणतो. उन्हातून आलेला हेच म्हणतो. मुलीला सासरी धाडून परतलेला बाप हेच म्हणतो. आणि ज्याच्या हृदयाची रक्तवाहिनी त्या क्षणी बंद पडत असते, तोही हेच म्हणतो. ऐकणारा सांगतो, 'पड थोडा वेळ, बरं वाटंल.' कुणी लिंबू-सोडा देतं, कुणी ओवा चावायला देतं, कुणी पाठ चोळून देतं. एवढ्यात तासभर निघून जातो.

त्या तासाबद्दल आज मला बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए. पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण २०२१ च्या डिसेंबरात मला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातून मी वाचलो. वाचवलं डॉक्टरांनी आणि औषधांनी. मात्र त्यांच्यापर्यंत मला वेळेत पोचवलं ते एका वाक्यानं.

आमचं घर नळदुर्गला. पहाटेची नमाज आटोपून मी बसलो होतो. थंडी कडाक्याची, तरी सदरा घामानं भिजला. छातीत दुखत होतं का? खरं सांगायचं तर दुखत नव्हतं. आमच्या घरात दखनी बोलतात. मी पत्नीला म्हणालो, 'छाती पो कोई घुटना टेक को बैठ्या सरीका लग रा.' म्हणजे छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटतंय. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली आणि तिनं मुलाला हाक मारली. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, 'दुखतंय का?' मी म्हणालो, 'दुखत नाही, पण कुणीतरी गुडघा रोवून बसलंय, आणि डाव्या हाताला मुंग्या नाहीत, हात मेल्यासारखा झालाय.' डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. थेट ईसीजीच्या तारा लावल्या. कागद बाहेर आला, त्यांनी गोळ्या चावायला दिल्या आणि रुग्णवाहिका बोलावली. नळदुर्गहून सोलापूर ५० किलोमीटरच्या आसपास. तिथं गेल्यावर बंद पडलेली वाहिनी फुग्यानं उघडून आत एक बारीक जाळी बसवली, तिलाच आपण स्टेंट म्हणतो. नंतर ते गावातले डॉक्टर मला म्हणाले, 'तुम्ही नुसतं कसंतरी होतंय म्हणाला असता, तर मीही आधी पित्ताचीच गोळी दिली असती.'

ही गोष्ट मी कदाचित विसरून गेलो असतो. पण त्यानंतर दोनेक महिन्यांनी आमच्याच ओळखीतले एक शेतकरी गेले. वय पन्नासच्या आत. दुपारी शेतातून आले, बायकोला म्हणाले, 'कसंतरी होतंय, पडतो जरा.' तिनं पाणी दिलं, पंखा लावला. संध्याकाळी उठवायला गेली तेव्हा सगळं संपलं होतं. चाळिसावा दिवस उलटल्यावर ती माउली आमच्या घरी आली. माझ्या पत्नीजवळ बसली. थोड्या वेळानं माझ्याकडं बघून म्हणाली, 'भाईजान, तुम्हाला जसं सांगता आलं, तसं त्यांना सांगता आलं असतं तर?'

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो की यात त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही. ते खरंही होतं. ज्याला आयुष्यभर 'गडी माणूस असून रडतोस काय' एवढंच शिकवलं, त्याच्याजवळ दुखण्याचे शब्द येणार कुठून? पण तो प्रश्न माझ्या मागं लागला. शब्द हाच माझा धंदा. तीस वर्षं मी दुःखासाठी शब्द शोधत आलो, ते मासिकांतून छापले, संमेलनांतून वाचले. आणि माझ्या गल्लीतल्या माणसाला त्याच्या शेवटच्या दुपारी चार शब्द मिळाले नाहीत.

श्रोतेहो, आधी हे समजून घेऊ की त्या तासात छातीत घडतं काय. आपल्या भागात द्राक्षाच्या बागा आहेत, ठिबक सगळ्यांना ठाऊक आहे. ठिबकच्या नळीत क्षार साचतात, तसा हृदयाच्या रक्तवाहिनीच्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. पण नळीत आणि वाहिनीत एक फरक आहे. नळी हळूहळू चोंदते. वाहिनीतल्या थरावर मात्र सायीसारखा पातळ पापुद्रा असतो. तो एखाद्या दिवशी अचानक फाटतो आणि फाटलेल्या जागी रक्त गोठून गुठळी बनते. ती गुठळी वाट बंद करते. म्हणून काल तालमीतल्या पोरांबरोबर हसत-खेळत असलेला माणूस आज कोसळतो, आणि लोक म्हणतात, 'काल तर चांगला होता!' काल तो खरोखरच चांगला होता. वाट बंद झाली की पलीकडचा हृदयाचा स्नायू पाण्यावाचून झाड वाळावं तसा मिनिटामिनिटानं मरत जातो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

वेळेचं मोल किती, याचा हिशेब वैद्यकशास्त्रानं मांडून ठेवला आहे. १९८६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ११ हजारांहून अधिक रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध ज्यांना दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासाभरात मिळालं, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटलं. जसजसे तास उलटले, तसतसा फायदा कमी होत गेला. औषध तेच, माणसं तशीच, फरक फक्त घड्याळाचा.

आणि आपल्याकडं हे घड्याळ जरा लवकरच वाजतं. मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसूफ यांच्या पुढाकारानं ५२ देशांत एक मोठा अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढं त्यातूनच असं दिसलं की भारत, पाकिस्तान, बांगलादेश अशा आपल्या भागातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात तो ५९ च्या आसपास येतो. सहा वर्षं आधी. म्हणजे मुलीचं लग्न व्हायचं असतं, मुलाचं शिक्षण चालू असतं, बँकेचं कर्ज अर्धं फिटलेलं असतं, त्या वयात. मी स्वतः एकावन्न वर्षांचा होतो. कारणं तीच, आपल्या ओळखीची. तंबाखू, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, ताटात भाजी-फळं कमी, चालणं कमी. याच अभ्यासानं दाखवलं की झटक्याच्या धोक्याचा बहुतेक भाग अशा नऊ गोष्टींतून येतो, आणि त्या सगळ्या बदलता येण्याजोग्या आहेत. नशीब, नजर, करणी यांना त्यात फारशी जागा नाही.

आता शब्दांकडं येतो. मला वाटायचं, यंत्रांच्या या काळात शब्दांना कोण विचारतो? मग वाचनात एक गोष्ट आली. विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १७७२ साली छातीच्या एका दुखण्याचं वर्णन छापलं. हृदयाचा आलेख काढणारं यंत्र यायला तेव्हा अजून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ होता. हेबर्डन यांच्याजवळ काय होतं? रोगी काय सांगतात ते ऐकणारे कान. रोगी सांगत की चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर चालताना, छातीत काहीतरी आवळतं आणि थांबलं की जातं. त्यांनी या दुखण्याला जे लॅटिन नाव दिलं, तेच आज आपण 'अंजायना' म्हणतो. त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे गळा आवळणं, कोंडणं. म्हणजे वैद्यकशास्त्राला हा रोग आधी कळला तो सामान्य माणसांच्या उपमांतून. त्यांच्या एका रोग्यानं रोज अर्धा तास लाकूड कापायचं काम अंगावर घेतलं आणि त्याचं दुखणं जवळजवळ नाहीसं झालं, असंही हेबर्डन लिहून गेले. व्यायामाचा सल्ला तेव्हापासूनचा आहे म्हणायचा!

पुढं अमेरिकेतले डॉ. सॅम्युएल लेव्हाइन यांनी आणखी एक खूण टिपली. हृदयाचं दुखणं दाखवताना रोगी बोट ठेवत नाही, छातीच्या मधोमध मूठ आवळून धरतो. डॉक्टर आजही या खुणेला लेव्हाइन यांचंच नाव देतात. माझ्या पत्नीला मागाहून विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, 'तुम्ही बोलताना छातीवर मूठ धरली होती.' मला ते आठवतसुद्धा नाही. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कोणतं मडकं कच्चं, कोणतं पक्कं ते सांगितल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण छातीचं मडकं असं बाहेरून थापटून कळत नाही. ज्याचं त्यानं सांगावं लागतं, आणि जवळच्यानं ऐकावं लागतं.

सोलापूरहून घरी परतल्यावर एका शिक्षक मित्रानं माझ्या उशाशी एक पुस्तक ठेवलं. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. राजहंस प्रकाशनानं २००० साली काढलेलं हे पुस्तक महाराष्ट्रात घराघरांत गेलं, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. डॉ. बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीच्या आदिवासी भागात 'सर्च' ही संस्था उभी केली. १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, स्वतः अभय बंग यांनाच हृदयविकारानं गाठलं. तंबाखू-दारूपासून दूर, सेवाग्रामच्या संस्कारात वाढलेला, लोकांचं आरोग्य हेच काम असलेला डॉक्टर रुग्णाच्या खाटेवर आला.

पहिल्यांदा वाचताना मी आहार, योगासनं, ध्यान यांच्या नोंदी काढल्या. दुसऱ्यांदा वाचताना मला वेगळंच काही दिसलं. हा माणूस स्वतःचं दुखणं उघड करून सांगतो आहे. आपली धावपळ, आपली भीती, आपल्या मनातली घाई, सगळं. एवढा नावाजलेला डॉक्टर 'मला भीती वाटली' असं छापून सांगतो, तेव्हा वाचणाऱ्या हजारोंना आपली भीती सांगायची मुभा मिळते. त्या पुस्तकाचा खरा उपकार मला हा वाटतो. प्रेरणा हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. व्यासपीठावरून 'खचू नका, उठा' म्हणणं म्हणजे प्रेरणा नव्हे. आपल्यावर काय गुदरलं ते खरंखुरं सांगितलं की ऐकणाऱ्याचं त्याच्या स्वतःच्या दुखण्याशी बोलणं सुरू होतं. माझ्या लेखी प्रेरणा ती एवढीच.

डॉ. बंग यांनी ज्यांच्या पद्धतीचा आधार घेतला, त्या अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अभ्यास लहान होता, थोड्याच रुग्णांवरचा. अगदी कमी चरबीचा शाकाहार, चालणं, योग-ध्यान, धूम्रपान बंद आणि आणखी एक गोष्ट. या रुग्णांनी नियमानं एकत्र बसायचं आणि एकमेकांशी मनातलं बोलायचं. वर्षभरानं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या वाहिन्यांमधला अडथळा थोडा का होईना, उतरल्याचं दिसलं. यात बोलण्याचा वाटा किती आणि आहाराचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण बोलणं हा उपचाराचा भाग धरला गेला, ही गोष्ट मला मोलाची वाटली. एक मात्र स्पष्ट सांगतो. हे सगळं गोळ्यांच्या जोडीनं करायचं आहे, गोळ्यांच्या ऐवजी नाही. माझ्या गोळ्या आजही चालू आहेत.

आणि आजारातून उठलेल्या बंग यांनी पुढं केलं काय? त्याच वर्षांत गडचिरोलीच्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग चालू होता. १९९९ साली तो 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ बघून जाते, त्यामागं हा प्रयोग आहे. त्याआधीही मुलांच्या न्यूमोनियासाठी, मोजता न येणाऱ्या दाईलासुद्धा बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून, त्यांनी मणी सरकवायचं एक साधं साधन तयार केलं होतं. मणी सरकवायचा की दहा श्वास झाले. जे आकड्यात सांगता येत नव्हतं, ते तिला मण्यांत सांगता आलं.

मी काही अभय बंग नव्हे. माझ्याजवळ संस्था नाही, पैसा नाही. पण मण्यांची गोष्ट वाचली आणि त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडल्यासारखं झालं. आकड्यांसाठी मणी, तसे दुखण्यासाठी शब्द देता येतील. मी एक शंभर पानी वही घेतली आणि झटक्यातून वाचलेल्या माणसांना भेटत सुटलो. नळदुर्ग, अणदूर, तुळजापूर, लोहारा, उमरगा. बाजारात, एसटी स्टँडवर, ऊसतोडीहून परतलेल्या टोळ्यांत, लग्नाच्या मांडवात. एकच विचारायचं, 'त्या वेळी नेमकं कसं वाटलं?'

काय काय सांगितलं लोकांनी! 'छातीवर पाटा ठेवल्यावाणी.' 'सोयाबीनचं पोतं अंगावर पडल्यागत.' 'बैलाच्या मानेवर जू ठेवत्यात तसं.' 'गळ्याला दावं आवळल्यागत.' 'घास अडकल्यावाणी, पण घास नव्हताच.' 'दाढ दुखायली म्हणून दातवाल्याकडं निघालो होतो.' 'दोन खांद्यांच्या मधी कुणी खुट्टी ठोकल्यावाणी.' एका हमालानं सांगितलं, 'ओझं तर खाली ठेवलं होतं, पर ते उतरलंच नाही.' मी तीस वर्षं कविता लिहितो आहे, पण त्या हमालाच्या वाक्याशेजारी ठेवावी अशी ओळ मला लिहिता आलेली नाही.

ही वही मी आमच्या डॉक्टरांना दाखवली. ते वाचत गेले आणि म्हणाले, 'बघा, यातल्या फार थोड्यांनी दुखतंय हा शब्द वापरलाय.' मुद्दा तोच आहे. डॉक्टर विचारतात 'दुखतंय का', रोगी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असताना माणूस हातचा जातो. जडपणा, आवळणं, कोंडणं, भार, दाब, हे शब्द माहीत असले तर 'नाही' म्हटल्यावर 'पण' म्हणून पुढचं सांगता येतं.

बायांची पानं वहीत वेगळी ठेवावी लागली. त्यांचं दुखणं पुष्कळदा छातीत असतच नाही. एकीनं सांगितलं, 'भाकरी थापता थापता हात गळाले, परात खाली पडली.' दुसरी म्हणाली, 'आंगातलं बळ कुणी काढून घेतल्यावाणी.' तिसरी, 'नुसतं मळमळायलं आन् दम लागायला, दोन पायऱ्या चढवंनात.' मधुमेह असलेल्यांचंही असंच, वेदना नसते, दम आणि घाम असतो. एका बाईला 'जीव घाबरतोय' म्हणाल्यावर एका दवाखान्यातून 'टेन्शन घेऊ नका' एवढं सांगून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं ईसीजी निघाला तेव्हा झटका येऊन गेलेला होता. ती वाचली, पण हृदय अर्ध्या ताकदीवर राहिलं. 'जीव घाबरतोय' हे आपल्याकडं बाईचं नेहमीचं बोलणं मानतात. म्हणूनच घरातल्यांनी ते जास्त कान देऊन ऐकायला हवं.

आता मी ही वही घेऊन जिथं बोलावतील तिथं जातो. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत बोलतो, भजनी मंडळात बोलतो, बचत गटाच्या बैठकीत बोलतो, शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी बोलतो. रमजानच्या आधी सांगतो की हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी रोज्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, आजाऱ्याला आपल्या धर्मानंच सवलत दिली आहे. मुलांना मी त्यांच्या आजोबांची गोष्ट लिहायला सांगतो. आजोबांना बरं नसतं तेव्हा ते काय म्हणतात, एवढंच. मुलं घरी जाऊन विचारतात. कित्येक आजोबांना हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असतं.

कार्यक्रमात कुणी माझी ओळख 'मृत्यूला हरवून आलेले कवी' अशी करून देतं. मला हसू येतं. मृत्यूला कोण हरवणार? कोर्टात देतात तशी मला पुढची तारीख मिळाली आहे, एवढंच. आणि तारीख मिळालेल्या माणसानं घरी बसून राहू नये, कागदपत्रं गोळा करावीत. माझी वही म्हणजे तीच कागदपत्रं. सुरुवातीचे काही महिने मलाही रात्री झोप लागत नसे. छातीत जरा काही हललं की मी उठून बसत असे. झटक्यातून वाचलेल्या पुष्कळांचं असं होतं. मन खचतं, चिडचिड होते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांशी बोलू लागल्यापासून ती भीती निघून गेली असं म्हणणार नाही. पण ती आता एकटी नसते, आणखी शंभर जणांची भीती तिच्या सोबतीला वहीत असते.

लोक विचारतात, 'आणि दवाखान्यात जाऊन काहीच निघालं नाही तर? लोक हसतील.' हसू द्या. ईसीजी चांगला निघाला तर ती फजिती नव्हे. पेढे वाटा. पहिला ईसीजी कधी कधी चांगला येतो आणि त्रास चालूच राहतो, तेव्हा तिथंच थांबून पुन्हा काढायला सांगा. रक्ताचीही तपासणी असते. पैशाची काळजी मलाही होती, ती कुणाला नसते? पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीसारखे हृदयाचे उपचार आहेत. कोणत्या दवाखान्यात ही योजना चालते, हे आजच, घरी सगळं ठीक असताना, विचारून ठेवा.

आणि त्या घटकेला काय करायचं, तेही सांगून ठेवतो. माणसाला चालवू नका, जिना चढवू नका, स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ देऊ नका. टेकवून बसवा. १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. जिथं ईसीजी निघतो अशा जवळच्या ठिकाणी न्या. त्रास किती वाजता सुरू झाला, तो आकडा लक्षात ठेवा, डॉक्टरांना तो सगळ्यांत आधी हवा असतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला द्यायची की नाही, ते फोनवर डॉक्टरांना विचारा. आणि माणूस कोसळला, हाक मारून ओ देईना, श्वास नीट चालेना, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात आणि भराभर दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. हे शिकायला दहावीची पोरं अर्धा तास घेतात. मी बघितलं आहे.

शेवटी एक विनंती. आज रविवार आहे, घरात सगळे असतील. जेवताना घरातल्या मोठ्या माणसाला, वडिलांना, आईला, अब्बांना, अम्मीला विचारा, 'तुम्हाला कसंतरी होतंय म्हणजे नेमकं कसं होतं?' पहिल्यांदा ते म्हणतील, 'काही नाही रे.' तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा. कुठं होतं, कधी होतं, चालताना होतं की बसल्यावर, जड वाटतं की आवळतं, घाम येतो का? त्यांना शब्द सापडायला वेळ लागेल. तो वेळ आज द्या, आज तो आपल्याजवळ आहे.

नमस्कार. खुदा हाफिज.